गोव्यातली १० आरोग्य केंद्रं आणि डॉक्टर नसलेल्यांनी केलेला नैराश्याचा उपचार

२०१३ च्या ऑक्टोबरपासून पुढची जवळजवळ दोन वर्षं गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केसपेपर काढून बाकावर बसलेल्या लोकांना नऊ प्रश्न विचारले जात होते. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, असं किती दिवस झालं? झोप कशी आहे? भूक? अंगात त्राण वाटतं का? आपण अगदीच कुचकामी आहोत असं वाटतं का? यापेक्षा मेलेलं बरं, असं मनात येतं का? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. पीएचक्यू-९ नावाची ही प्रश्नावली जगभर वापरली जाते.

सरकारी दवाखान्यात मनाची तक्रार घेऊन कुणी सहसा येत नाही. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाचं डोकं दुखत असतं, कुणाला नुसती अशक्तता असते. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि वेदनाशामक घेऊन माणूस घरी जातो आणि पंधरा दिवसांनी परत येतो. प्रश्न विचारले नसते तर यातल्या बऱ्याच जणांचं नैराश्य कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

ज्यांचे गुण १४ च्या वर गेले, अशा १८ ते ६५ वयाच्या ४९५ जणांनी चाचणीत सहभागी व्हायला होकार दिला. त्यात स्त्रिया बहुसंख्य होत्या. १४ च्या वरचे गुण म्हणजे किरकोळ उदासी नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याची ही पातळी आहे. अशा रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं, असंच कुठलंही पाठ्यपुस्तक सांगेल. इथे मात्र त्यांच्यापैकी निम्म्यांना ज्यांच्याकडे पाठवलं, ते ना डॉक्टर होते ना मानसशास्त्राचे पदवीधर. शाळा पूर्ण केलेली, स्थानिक भाषा बोलणारी, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात आधी कधीही काम न केलेली ती साधी माणसं होती.

या उपचाराचं नाव ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम’, म्हणजे एचएपी. तो उभा केला ‘संगथ’ या गोव्यातल्या संस्थेने, आणि कामाचं नेतृत्व डॉ. विक्रम पटेल यांच्याकडे होतं. निकाल २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ‘सामान्य माणसंही समुपदेशन करू शकतात’ अशा एका वाक्यात हे प्रकरण अनेकदा गुंडाळलं जातं. ते वाक्य खोटं नाही, पण त्यातून महत्त्वाचं तेच निसटतं. ही माणसं तीव्र नैराश्यावर उपचार करू शकली, त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे उपचारातलं अनावश्यक सगळं आधीच कापून काढलेलं होतं. दुसरं म्हणजे त्यांचं काम दर आठवड्याला कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

आधीचा प्रयोग

एचएपीच्या आधी गोव्यातच ‘मनस’ नावाची चाचणी झाली होती. तिचे निकाल २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २४ दवाखाने होते, त्यातली १२ सरकारी केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांची क्लिनिक. रुग्ण २,७९६. तिथेही प्रशिक्षित सामान्य माणसंच समुपदेशक होती, पण उपचार पायऱ्यापायऱ्यांचा होता. आधी आजार समजावून सांगणं, मग गरजेनुसार नैराश्यावरची गोळी किंवा नातेसंबंधांवर काम करणारी मानसोपचार पद्धत, आणि त्यापुढे तज्ज्ञ.

सरकारी केंद्रांत फरक ठळक दिसला. सहा महिन्यांनी समुपदेशन असलेल्या केंद्रांतले ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, नसलेल्या केंद्रांतले ४२.५ टक्के. खासगी क्लिनिकमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही, कारण तिथे समुपदेशक असो वा नसो, साधारण तेवढेच रुग्ण बरे होत होते. मला या चाचणीतली ही सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. खासगी फॅमिली डॉक्टर रुग्णाला नावानिशी ओळखतो, त्याच्या घरचं त्याला ठाऊक असतं, आणि रुग्ण पुन्हा त्याच्याकडेच जातो. हे व्यक्तिगत लक्ष हाच उपचाराचा मोठा भाग असावा, असं एक स्पष्टीकरण पुढे येतं. सरकारी केंद्रात जे मिळत नव्हतं, ते तिथे समुपदेशकाने भरून काढलं.

मनसमधून पुढच्या कामासाठी आणखी एक धडा मिळाला. पायऱ्या जितक्या जास्त, तितक्या वेळा रुग्ण निसटण्याची शक्यता. माणूस रोजंदारी बुडवून येतो. त्याला पहिल्या भेटीतच काहीतरी हाती लागलं नाही, तर तो दुसऱ्यांदा येईलच असं नाही.

काय कापलं, काय ठेवलं

म्हणून पुढच्या टप्प्यात संशोधकांनी उलट्या बाजूने विचार केला. नैराश्यावरच्या मानसोपचारांत नेमका कोणता घटक काम करतो, आणि तो शिकवायला सगळ्यात सोपा कोणता?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर अमेरिकेत आधीच सापडलेलं होतं. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी’ हा प्रसिद्ध उपचार सुटा करून तपासला. त्यात विचार तपासणं, ते बदलणं, मनात खोलवर रुजलेल्या समजुतींवर काम करणं असं बरंच काही असतं. त्यातला फक्त कृतीचा भाग दिला तरी रुग्ण तितकेच सुधारतात, असं त्यांना दिसलं. या भागाला ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. आपण त्याला कृतिप्रेरण म्हणू. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या कोब्रा चाचणीनेही याला दुजोरा दिला. तिथे ४४० रुग्ण होते. मानसोपचाराचं व्यावसायिक प्रशिक्षण नसलेल्या, कनिष्ठ मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी दिलेलं कृतिप्रेरण हे निष्णात मानसोपचारकांनी दिलेल्या पूर्ण थेरपीच्या तोडीचं ठरलं.

यामागचा विचार सरळ आहे. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी शेजारणीकडे जाणं थांबतं, मग बाजार, मग देऊळ किंवा चर्च, मग अंघोळसुद्धा नकोशी होते. जे सोडलं त्यातूनच थोडंफार समाधान मिळत होतं, त्यामुळे मन आणखी खचतं, आणि खचल्यामुळे आणखी सुटतं. ‘बरं वाटलं की करीन’ असं रुग्ण म्हणतो, पण घडतं नेमकं उलट. आधी करावं लागतं, बरं वाटणं मागून येतं. विचारांशी वाद घालत बसण्याऐवजी समुपदेशक रुग्णाला या फेऱ्यातून बाहेर पडायला मदत करतो, तीही अगदी छोट्या, ठरवलेल्या, जमण्याजोग्या कृतींनी.

एचएपीमध्ये सहा ते आठ भेटी असतात. दर आठवड्याला एक, साधारण अर्धा ते पाऊण तास, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. पहिल्या एक-दोन भेटी ओळखीच्या, आजार समजून घेण्याच्या. मधल्या भेटी कामाच्या, आणि शेवटच्या भेटीत मागे वळून पाहायचं आणि पुन्हा खचायला झालं तर काय करायचं ते ठरवायचं. संवाद कोंकणी, मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतून, म्हणजे रुग्णाला जी जवळची त्या भाषेत. आजाराचं वैद्यकीय नाव रुग्णावर लादायचं नाही. तो ‘टेन्शन’ म्हणाला तर टेन्शन.

हे कागदावर वाचताना फार साधं वाटतं, म्हणून एक नमुना देते. हा चाचणीतला रुग्ण नव्हे, उपचाराची रीत कळावी म्हणून केलेली कल्पना आहे. चाळिशीतली एक बाई. नवरा बोटीवर, मुलगा शिकायला बाहेर. पाच-सहा महिने ती स्वयंपाकापलीकडे काही करत नाही. समुपदेशक तिला विचारते, ‘काकी, कालचा दिवस सकाळपासून सांगा ना.’ दोघी मिळून आठवड्याचा तक्ता भरतात, कोणत्या वेळी काय केलं आणि तेव्हा मन कसं होतं. तक्त्यातून एक गोष्ट वर येते. बुधवारी नणंदेचा फोन आला होता, तेव्हा अर्धा तास मन हलकं होतं. दुपारी एकटी पडून राहिली, तो वेळ सगळ्यात वाईट गेला. काकींना हे तोवर जाणवलेलंच नसतं. मग पुढच्या आठवड्यासाठी दोनच गोष्टी ठरतात. रविवारी नणंदेला आपण होऊन फोन करायचा, आणि दुपारी पडून राहायच्या वेळेला परसातल्या झाडांना पाणी घालायचं. जमलं नाही, तर रागवायचं नाही. कशामुळे अडलं ते शोधायचं आणि गोष्ट आणखी लहान करायची. काकींची हरकत नसेल तर नणंदेलाही एकदा बोलावून घ्यायचं. घरच्या माणसाला सोबत घेणं हा या पद्धतीचा जाणीवपूर्वक ठेवलेला भाग होता, आणि आपल्याकडच्या कुटुंबांत तो असायलाच हवा होता.

अडचणी खऱ्या असतील, म्हणजे कर्ज, दारुडा नवरा, जमिनीचा वाद, तर त्या फक्त मनाच्या आहेत असं सांगायचं नाही. त्यातलं आज काय हातात आहे ते सोडवायला मदत करायची. आत्महत्येचा धोका दिसला तर समुपदेशकाने एकट्याने निभवायचं नाही, वरच्या तज्ज्ञाला लगेच कळवायचं.

टेप ऐकण्याचे तास

प्रशिक्षण साधारण तीन आठवड्यांचं होतं. त्यानंतर समुपदेशक प्रत्यक्ष रुग्णांसोबत, देखरेखीखाली, काही महिने काम करून तयार झाले. ज्यांनी आवश्यक कौशल्य दाखवलं, त्यांनाच चाचणीसाठी घेतलं.

खरं वेगळेपण त्यापुढचं आहे. भेटींचं रेकॉर्डिंग होत असे, आणि दर आठवड्याला समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या टेप ऐकत. हातात एक गुणपत्रिका असे. अजेंडा ठरवला का? मागच्या आठवड्यातल्या कृतीचा आढावा घेतला का? रुग्णाला बोलू दिलं की आपणच सल्ले देत सुटलो? प्रत्येक जण गुण देई, मग चर्चा होई. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत असत. हळूहळू बैठक चालवण्याची जबाबदारी समुपदेशकांकडेच आली.

हे कितपत भरवशाचं? २०१४ मध्ये डेझी सिंगला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या याच कामाची तपासणी प्रसिद्ध केली. समुपदेशकांनी एकमेकांना दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत होते. म्हणजे तज्ज्ञ दर आठवड्याला हजर नसला तरी दर्जा सांभाळला जाऊ शकतो, मात्र ऐकण्याची शिस्त असली पाहिजे.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हटलं की दोन दिवसांची कार्यशाळा, फोल्डर, प्रमाणपत्र आणि समूह छायाचित्र. त्यानंतर कार्यकर्ती एकटी. तिने रुग्णाला काय सांगितलं, कुणाला कधी कळत नाही. एचएपीमधून फक्त पुस्तिका उचलली आणि हे साप्ताहिक ऐकणं वगळलं, तर उरेल ते एचएपी नसेल. मानसिक आरोग्याच्या योजना आखणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी वाचावी, आकडे नंतर.

तीन महिन्यांनी, आणि वर्षाने

आता आकडे. निम्म्या रुग्णांना सुधारित नेहमीची सेवा मिळाली. म्हणजे डॉक्टरला रुग्णाचे पीएचक्यू-९ चे गुण कळवले गेले आणि काय करावं, कधी तज्ज्ञाकडे पाठवावं याची माहिती दिली गेली. उरलेल्या निम्म्यांना हेच अधिक एचएपी. कुणाला काय मिळेल हे यादृच्छिक पद्धतीने ठरलं.

तीन महिन्यांनी एचएपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे गुण १० च्या खाली आले होते. नुसती सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. नैराश्य मोजणाऱ्या आणखी एका प्रश्नावलीवर (ती बेक यांच्या नावाने ओळखली जाते), जिच्यात जितके गुण अधिक तितकं नैराश्य अधिक, एचएपी गटाची सरासरी १९.९९ होती आणि दुसऱ्या गटाची २७.५२. कामाला जाता न आलेले दिवस महिन्याला सरासरी दोनाहून थोडे अधिक कमी झाले. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं.

आणि एक आकडा असा, ज्यावर मी बराच वेळ थांबले. स्त्रियांवर जोडीदाराकडून होणारी शारीरिक मारहाण एचएपी गटात जवळपास निम्म्यावर आली होती. उपचाराचा तो हेतू नव्हता, आणि मारहाणीची जबाबदारी मारणाऱ्याचीच असते, हे आधी स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण मनाने उभी राहिलेली बाई माहेरी फोन करते, शेजारणीला सांगते, एकटी उरत नाही. घरचं एखादं माणूस समुपदेशनात आलेलं असतं. या वाटांनी हे घडलं असू शकतं. नैराश्यावरचा उपचार हा घरातल्या हिंसेवरचाही उपाय ठरतो, असा दावा एवढ्यावरून करू नये. तरीही पुढच्या प्रत्येक अभ्यासात हे मोजलं जावं, इतकं ते मोलाचं आहे.

वर्षाने काय झालं, ते बेनेडिक्ट वेओबाँग आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच स्वतंत्रपणे मांडलं. एचएपीचा फायदा टिकला होता. तीन महिन्यांनीही बरे आणि बारा महिन्यांनीही बरे, अशांचं प्रमाण एचएपी गटात जवळपास दुप्पट होतं. दोन गटांमधलं अंतर मात्र थोडं कमी झालं, कारण दुसऱ्या गटातलेही काही जण काळाच्या ओघात सुधारले. याच अभ्यासात दिसलं की तीन महिन्यांच्या टप्प्याला ज्यांच्या रोजच्या कृती वाढल्या होत्या, त्यांचं वर्षानंतरचं नैराश्य कमी होतं, आणि उपचाराच्या एकूण परिणामाचा मोठा वाटा या कृतींमधून आला होता. म्हणजे जो घटक निवडून ठेवला होता, तोच खरोखर काम करत होता. मानसोपचारांच्या संशोधनात इतकं स्वच्छ उत्तर क्वचित मिळतं.

याच काळात, याच पद्धतीने, दारूच्या त्रासदायक सेवनासाठी पुरुषांवर दुसरी चाचणी झाली. तिचं नेतृत्व डॉ. अभिजीत नाडकर्णी यांच्याकडे होतं. ३७७ पुरुष. तिथे फायदा दिसला, पण लहान: त्रासदायक पिणं थांबलेले ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के. दारूचं गणित वेगळं आहे, ते एका लेखात मावणारं नाही.

जे सुटलं नाही

६४ टक्क्यांची दुसरी बाजू ३६ टक्के. शंभरातले छत्तीस जण सहा-आठ भेटींनंतरही बरे झाले नव्हते. त्यांना काय द्यायचं होतं? गोळी? आणखी भेटी? वेगळा उपचार? ही चाचणी गोळीशी तुलना करणारी नव्हती, त्यामुळे तिच्याकडे याचं उत्तर नाही. म्हणूनच मध्य प्रदेशात ‘ऑप्टिमाइझ-डी’ ही चाचणी आखली गेली. तिथे प्राथमिक केंद्रांतल्या रुग्णांना एकतर एचएपी किंवा फ्लुओक्सेटिन ही जुनी, स्वस्त गोळी द्यायची, आणि कुणाला कशाचा अधिक उपयोग होतो हे रुग्णाच्या वैशिष्ट्यांवरून आधीच ओळखता येतं का ते पाहायचं. सरसकट सगळ्यांना एकच, याच्या पुढचं हे पाऊल आहे.

महाराष्ट्रातला याच्या जवळचा अनुभव विदर्भातला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवला गेला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेले लोक सुरुवातीला ४.३ टक्के होते. १८ महिन्यांनी ते २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. पण ज्या भागाचं नाव निघालं की शेतकरी आत्महत्यांची आकडेवारी निघते, तिथली माणसं बोलायला तयार होती. त्यांच्याकडे कुणी जात नव्हतं, एवढंच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं होतं. ते सर्वेक्षण झालं त्या १२ राज्यांत ना महाराष्ट्र होता ना गोवा.

गोव्यातली पद्धत सातासमुद्रापारही गेली. त्या टेप ऐकण्यावर अभ्यास केलेल्या डेझी सिंगला यांनी पुढे कॅनडा आणि अमेरिकेत गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांसाठी १,२३० जणींची चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. परिचारिका, सुईणी यांसारख्या बिगरतज्ज्ञांनी दिलेलं कृतिप्रेरण तज्ज्ञांनी दिलेल्यापेक्षा कमी पडलं नाही, आणि फोन-व्हिडिओवरच्या भेटीही समोरासमोरच्या भेटींपेक्षा कमी ठरल्या नाहीत. जिथे तज्ज्ञांची कमतरता आपल्याइतकी नाही, तिथेही ही गरज आहे.

आपल्याकडे मात्र हे काम कोण करणार, हा प्रश्न अजून उभा आहे. गोव्यातले समुपदेशक प्रकल्पाचे होते आणि त्यांचं कामच हे होतं. मोठ्या प्रमाणावर नेताना सगळ्यांच्या नजरा आशा सेविकांकडे वळतात. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात ‘एसेन्स’ प्रकल्पाने आशांना स्मार्टफोनवरून एचएपी शिकवून पाहिलं, आणि शिकण्याची त्यांची तयारी, कुवत दोन्ही आहे. पण महाराष्ट्रातल्या आशाताई २०२३-२४ मध्ये मानधनासाठी संपावर बसल्या होत्या. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षणं, सगळं त्यांच्याच डोक्यावर आहे. त्यात आठवड्याला पाऊण-पाऊण तासाच्या भेटी आणि टेप ऐकण्याचे तास घालायचे असतील, तर त्या तासांचे पैसे आधी ठरले पाहिजेत. तालुक्याला निदान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, केंद्रात दार लावून बोलता येईल अशी एक खोली हवी, आणि धोका दिसला की त्याच दिवशी पोहोचता येईल असा मानसोपचारतज्ज्ञ हवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. केंद्रातल्या समुपदेशकाला त्याच यंत्रणेतून तज्ज्ञाचा सल्ला मिळावा अशी जोडणी करणं, हे यातलं सगळ्यात कमी खर्चाचं काम आहे. तिथूनही सुरुवात करता येईल.